चौथ्यांदा रंगवायच्या आधी: खाऱ्या वाऱ्यातल्या एका लोखंडी मांडवाचं आणि जिन्याचं प्रकरण

दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावातलं हे घर. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. घर माझ्या मित्राचं, तो नोकरीसाठी पुण्यात, घरी त्याचे आईवडील असतात, मी त्यांना काका-काकूच म्हणतो. मी बरीच वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, टाक्या, पाईपलाईन, शेडचे खांब घासून रंगवून घेणं माझ्याकडं असायचं, म्हणून मित्राने जानेवारी २०२४ मध्ये मला बोलावलं. तोपर्यंत तेच लोखंड तीनदा रंगवून झालं होतं आणि तिन्ही वेळा रंग टिकला नव्हता.

पार्श्वभूमी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही त्याचा जबर तडाखा बसला. या घराची कौलं उडाली, खळ्यावरचा (घरापुढच्या अंगणातला) जुना लाकडी मांडव आडवा झाला, वाडीतल्या पोफळी तर काड्या मोडल्यासारख्या मोडल्या, निम्मे नारळ पडले आणि घर आणि समुद्र यांच्यामधली सुरूची झाडंही गेली. ही झाडांची गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पाऊस तोंडावर होता, कोकणात साधारण १० जूनच्या आसपास मान्सून येतोच, त्यामुळं जे मिळेल ते लोखंड आणून फॅब्रिकेटरनी जनरेटरवर वेल्डिंग करून चार दिवसांत खळ्यावर पत्र्याचा मांडव उभा केला, चौकोनी पाईपचे खांब, अँगलच्या कैच्या, वर रंगीत पत्रा. त्याच वेळी माडीवर जायला बाहेरून लोखंडी जिनाही केला कारण आतला लाकडी जिना भिजून गेला होता. लोखंड टेम्पोतून आलं तेच भिजत आलं, अंगणात चिखलात पडून होतं, आणि वेल्डिंग झाल्या झाल्या त्यावर लाल प्रायमरचा एक हात मारला तोसुद्धा पावसाच्या दोन सरींच्या मधल्या वेळात. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, डोक्यावर छप्पर नव्हतं, त्या आठवड्यात कुणीही तेच केलं असतं.

पण त्या पहिल्या हातापासूनच गंज रंगाच्या आत बंद झाला. ही पहिली वेळ.

दुसरी वेळ नोव्हेंबर २०२१, दिवाळीनंतर. गावातल्या पेंटरला अंगावर काम दिलं, म्हणजे ठेका, मांडव, जिना आणि खिडक्यांच्या जुन्या जाळ्या सगळं मिळून एक रक्कम. दोन माणसं दोन दिवस आली, वायरब्रश फिरवला, लाल प्रायमर, त्यावर हिरवा ऑइलपेंट, काम मस्त दिसत होतं. सप्टेंबर २०२२ पर्यंत जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर हाताच्या पंजाएवढे पापुद्रे उचलले.

तिसरी वेळ काकांनी स्वतः. कुणीतरी सांगितलं की संडास साफ करायचं ॲसिड टाका, गंज पाच मिनिटांत जातो. आणि गंज जातो खराच, लोखंड पांढरं स्वच्छ दिसायला लागतं. काकांनी जिन्यावर ॲसिड ओतलं, ब्रशने घासलं, मागच्या विहिरीचं पाणी ओतून धुतलं, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर प्रायमर आणि रंग दिला. जानेवारीत, म्हणजे पाऊस न पडताच, रंगातून पिवळे-नारिंगी ओघळ दिसायला लागले. काका मला म्हणाले, "अरे, मी तुझ्या त्या पेंटरपेक्षा चारपट मेहनत केली, आणि ते आधीपेक्षा लवकर गेलं." त्यांना याचं खरंच वाईट वाटत होतं, दोन दिवस त्याच विषयावर बोलत होते.

अडचण नेमकी कुठं होती

मी गेलो तेव्हा सगळ्यांचा समज एकच, रंग चांगल्या कंपनीचा नव्हता. मित्राचं म्हणणं होतं भारीतला रंग आण, पैशाचं बघू नकोस. मी म्हटलं आधी एक दिवस नुसतं बघू दे.

एक छोटी हातोडी, एक स्क्रूड्रायव्हर आणि काकूंच्या देवघरातला रांगोळीचा खडू घेऊन सकाळी सुरुवात केली. ठोकत गेलं की आवाजावरून कळतं, चांगलं लोखंड खणखणीत वाजतं आणि गंज आतपर्यंत गेलेलं बद्द वाजतं. जिथं बद्द तिथं स्क्रूड्रायव्हर टोचायचा. जिन्याच्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या आणि डावीकडचा जो पायऱ्या पेलणारा मुख्य पट्टा जमिनीत रुतवला होता तिथं स्क्रूड्रायव्हर बिस्किटात जावा तसा आरपार गेला. त्या जिन्यावरून काकू रोज ओले कपडे घेऊन माडीवर जात होत्या. मी तिथंच जिना बंद करायला लावला, दोरी बांधली.

मग तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, गंज सगळीकडं सारखा नव्हता. पश्चिमेकडच्या बाजूला जास्त हे समजण्यासारखं होतं, पण त्यातही वरून पाऊस पडतो तो भाग बरा आणि खालचा, पत्र्याच्या आडोशाचा भाग वाईट. लोकांना हे उलटं वाटतं. खाऱ्या वाऱ्यातून मीठ दोन्हीकडं बसतं, पण उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुवून नेतो आणि आडोशाला ते तसंच साठत राहतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं ती जागा कोरडी दिसली तरी कायम ओलसरच.

दुसरी, जुन्या खिडक्यांच्या जाळ्या १९९४ साली घर दुरुस्त केलं तेव्हाच्या, त्यांचा मूळ रंग पंचवीस वर्षं टिकला होता आणि नेमका २०२० नंतर खराब व्हायला लागला. काकांना हे कोडं होतं. उत्तर समोरच होतं, सुरू आणि वाडी उभी होती तोवर समुद्राचा वारा गाळून येत होता, झाडं गेल्यावर तोच वारा थेट भिंतीवर यायला लागला. घर जागचं हललं नाही पण हवेच्या हिशेबाने ते समुद्राच्या शंभर पावलं जवळ गेल्यासारखं झालं. म्हणजे १९९४ ला जे चाललं ते आता चालणार नव्हतं.

तिसरी गोष्ट पाणी. दुपारी काकूंनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "नळाला पाणी आलंय म्हणून केला, विहिरीच्या पाण्याचा चहा तुला नाही आवडायचा, मचूळ लागतो." मी कप खाली ठेवला. काकांनी ॲसिड धुतलं ते विहिरीच्या पाण्याने. माझ्याकडं पाण्याचं टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, बघायचं पेन होतं, गाडीतून आणून लावलं, नळाचं ९० च्या आसपास आणि विहिरीचं चौदाशेच्या वर. म्हणजे आधी ॲसिडमधलं क्लोराईड, जे मिठातही असतं, कारण ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिकच असतं, आणि मग ते धुवायला मिठाचंच पाणी. लोखंडाला जे सगळ्यात जास्त खातं तेच त्यांनी दोनदा चोळून लावलं आणि वर रंगाचं झाकण घातलं.

हे सांगितल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे डब्यावर का नाही लिहीत?" मला तो प्रश्न अजून रास्त वाटतो.

गंजाचं असं आहे की तो लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. त्यावर रंग मारला की आत गंज वाढत राहतो आणि फुगून रंगाला ढकलून काढतो, मग तो रंग कितीही भारी असला तरी. आपण जो नेहमीचा लाल प्रायमर म्हणतो त्याचा लाल रंग हासुद्धा लोहाचं ऑक्साइडच, नुसत्या त्या लालपणाने गंज थांबत नाही, थांबवतं ते त्यात घातलेलं झिंक क्रोमेट किंवा झिंक फॉस्फेट. अगदी स्वस्त डब्यात ते कितपत असतं हे डबा वाचूनच घ्यावं. झिंक क्रोमेट विषारी आहे, त्याची धूळ घशात जाणं वाईट, म्हणून मी फॉस्फेटवालाच घेतो.

काय पर्याय होते

सगळं भंगारात देऊन नवीन करायचं हा मित्राचा पहिला विचार. स्टेनलेस स्टील म्हणत होता, पण बाजारात सहज मिळतं ते ३०४ आणि समुद्राकाठी त्यावरही तपकिरी डाग येतात, ३१६ घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च ऐकून तो स्वतःच गप्प झाला. शिवाय मांडवाचे वरचे अँगल चांगले होते, चांगलं लोखंड फेकायला माझं मन होत नव्हतं.

दुसरा, सगळं उतरवून हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करायचं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून जस्ताचा थर चढवायचा. टिकाऊपणात याच्या जवळपास काही येत नाही, पण ट्रक करून लांब पाठवायचं, परत आणून उभारायचं, आणि आपले खांब बंद तोंडाचे चौकोनी पाईप. वितळलेलं जस्त साधारण ४५० अंशाला असतं, त्यात बंद पाईप बुडवला तर आतली हवा आणि पाणी फुगून स्फोट होऊ शकतो, प्रत्येक पाईपला भोकं पाडावी लागली असती. नवीन काम असतं तर मी हेच सांगितलं असतं. झालेल्या कामाला नाही जमलं.

तिसरा, सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून गंज काढणं. कारखान्यात आम्ही हेच करायचो, लोखंड राखाडी पांढरं होईपर्यंत. गावात तेवढा मोठा कॉम्प्रेसर नाही, आणि एक जण मदतीच्या भावनेनं म्हणाला की छोटा कॉम्प्रेसर मी आणतो, वाळू काय समोर किनाऱ्यावर आहेच. ते मी लगेच नाही म्हटलं. एक तर ती वाळू मिठाची, दुसरं म्हणजे कोरड्या वाळूच्या धुळीने फुप्फुसाला सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, आणि गंजून पातळ झालेला पाईप फुटायची भीती वेगळीच.

चौथा, गंजावरच रस्ट कन्व्हर्टर मारून मोकळं व्हायचं, बाटलीवर लिहिलेलं असतं घासायची गरज नाही. हे औषध खोटं नाही. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं किंवा टॅनिन, आणि गंजाचं काळं घट्ट संयुग बनतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा होतो ना, तोच प्रकार, आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड. पण ते वरच्या पातळ थरापर्यंतच पोचतं, खवले सुटलेल्या जाड गंजावर मारलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली गंज जिवंत.

पाचवा, हाताने आणि ग्राइंडरने पूर्ण घासून काढायचं. यात कौशल्य फार नाही, वेळ प्रचंड. आयएसओ ८५०१ नावाच्या मानकात हाताने आणि मशीनने साफ करायच्या दोन पायऱ्या आहेत, एसटी २ आणि एसटी ३. एसटी ३ म्हणजे सुटणारं काहीच उरलेलं नाही आणि लोखंडाची धातूची चमक दिसते. आपल्याकडच्या आयएस १४७७ या भारतीय मानकातही रंगाच्या आधीच्या तयारीला अख्खा पहिला भाग दिलाय, रंग दुसऱ्या भागात येतो.

ठरलं ते असं. सडलेलं कापून नवीन बसवायचं, मांडव आणि जिना एसटी ३ पर्यंत घासायचा, खड्डे आणि सांध्यात जिथं ब्रश पोचत नाही तिथंच कन्व्हर्टर, मग हाताने साफ केलेल्या लोखंडावर चालणारा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. इपॉक्सी उन्हात भुकटी सोडतो म्हणून वर पीयू लागतोच. खिडक्यांच्या जाळ्यांवर मात्र जुना ऑइलपेंट बऱ्याच ठिकाणी घट्ट होता, तिथं थिनरचा बोळा दहा मिनिटं ठेवून बघितला तर रंग सुरकुतला, म्हणजे इपॉक्सी मारला असता तर त्यातल्या थिनरने जुना रंग उचलला असता. म्हणून जाळ्यांना झिंक फॉस्फेटचा साधा प्रायमर आणि ऑइलपेंटच.

पैशाचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो

पेंटर तेच बोलावले ज्यांनी २०२१ ला काम केलं होतं. मित्राचा विरोध होता, मी म्हटलं त्यांच्याशी बोलू तर दे. पन्नाशीचे गृहस्थ, हात एकदम साफ. त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "भाऊ, मला कळत नाही असं नाही, घासायला पाहिजे. पण अंगावर काम घेतलं की घासायचे पैसे कोण देतं? मी दहा दिवस घासलं तर दुसरा येऊन दोन दिवसात करतो म्हणतो आणि काम त्याला जातं."

हे खरं आहे. घरमालक डब्याचं नाव विचारतो, किती हात मारणार विचारतो, किती दिवस घासणार हे कुणीच विचारत नाही. म्हणून आम्ही ठेका दिलाच नाही, रोजावर म्हणजे दिवसाच्या मजुरीवर काम दिलं, आणि काकांसमोर ठरवलं की घासण्याच्या दिवसाला आणि रंगाच्या दिवसाला मजुरी सारखीच. शेवटी हिशेब झाला तेव्हा दोन माणसांचे ११ दिवस लागले, त्यातले ८ दिवस मुख्यतः कापणं, धुणं आणि घासणं, आणि रंगाचे ३. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला खरा निर्णय हाच होता, बाकी सगळं त्यातून आपोआप आलं.

काय केलं

आधी खडूच्या खुणा. फुली म्हणजे कापायचं, गोल म्हणजे खोल गंज, रेघ म्हणजे वरवरचा. फॅब्रिकेटरने जिन्याच्या दोन पायऱ्या आणि दोन्ही पट्ट्यांचे पाय कापून नवीन लावले. आधी ते पाय मातीत रुतलेले होते, आता खाली सहा इंचाचा काँक्रीटचा ओटा करून त्यावर प्लेट बसवली, म्हणजे माती आणि पालापाचोळा लोखंडाला टेकणार नाही.

मग मांडवाच्या खांबांना खाली ड्रिलने भोक पाडलं. दुसऱ्या खांबाला बिट आत गेला आणि बाहेर काढल्याबरोबर चहाच्या रंगाच्या पाण्याची धार लागली, पेंटरदादांनी खाली तांब्या धरला तर तो जवळजवळ भरला. जानेवारी महिना, पाऊस जाऊन तीन महिने झालेले. वर पत्र्याच्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जात होतं आणि खाली बाहेर पडायला जागाच नव्हती, म्हणजे खांब आतून गंजत होता आणि आम्ही बाहेरून रंगवत होतो. सगळ्या खांबांना खाली भोकं ठेवली, वरची तोंडं आणि स्क्रू सीलंटने बंद केले.

त्यानंतर धुणं, आणि हे घासायच्या आधी. आधी घासलं तर वायरब्रशने मीठ खड्ड्यात अजून दाबलं जातं. नळाचं पाणी सकाळी एक तास येतं ते दोन पिंपात भरून ठेवलं, थोडी कपड्याची पावडर घालून ब्रशने धुतलं, मग दोनदा साध्या पाण्याने, आडोशाच्या खालच्या बाजूंना जास्त. विहिरीच्या पंपाचा पाईप मी गुंडाळून खोलीत ठेवून दिला कारण सवयीने कुणीतरी तोच लावला असता.

घासायला जाड खवले छिन्नी-हातोडीने, मग ग्राइंडरला कप ब्रश, कोपऱ्यात हाताने ८० नंबरचा घासायचा पेपर. ग्राइंडरचा कप ब्रश जपून वापरावा लागतो, एकाच जागी दाबून धरला तर गंज निघायच्या ऐवजी पॉलिश होऊन चमकतो आणि डोळ्याला लोखंड वाटतो. खड्ड्यात काळा ठिपका उरलाय का हे बोटाने आणि उजेड तिरका पाडून बघायचं. वेल्डिंगच्या रेषेवरचे उडालेले मणी खरवडून काढले, अँगलच्या धारदार कडा पेपरने थोड्या गोल केल्या कारण रंग धारेवरून मागं सरकतो आणि तिथं थर पातळ राहतो.

कन्व्हर्टर फक्त गोल खुणांच्या खड्ड्यांत, बारीक ब्रशने. काळं झालं, दुसऱ्या दिवशी वर पांढरट भुकटी दिसली ती ओल्या फडक्याने पुसून काढली. ती राहिली तर वरचा प्रायमर चिकटत नाही.

वेळेचा नियम एकच ठेवला होता, कन्व्हर्टरचे खड्डे सोडून जेवढं आज घासलं तेवढ्याला आजच प्रायमर. जानेवारीत सकाळी आठला लोखंडाला हात लावला तर तळवा ओला होतो, दंव. कारखान्यात आम्ही बघायचो की लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दंव धरतं त्याच्या, वर किमान ३ अंश पाहिजे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. गावात हातात मीटर नव्हता, म्हणून साधं ठरवलं, साडेदहाच्या आधी आणि चारच्या नंतर प्रायमरचा ब्रश उचलायचा नाही.

पाचव्या दिवशी याच नियमावरून वाद झाला. जिन्याच्या कठड्याचा सहा फूट भाग घासून झाला आणि साडेचार वाजले. पेंटरदादा म्हणाले एवढंसं तर आहे, उद्या सकाळी मारू. मी थकलो होतो, हो म्हटलं. सकाळी त्या सहा फुटांवर हळदीचं बोट फिरवावं तसा पिवळा थर आलेला होता, एका रात्रीत. आता प्रश्न असा की तेवढ्यावर प्रायमर मारायचा का. बाहेरून फरक दिसला नसता. पेंटरदादांनीच स्वतःहून पेपर उचलला आणि परत घासायला बसले, मी काही बोललो नव्हतो. त्यानंतर घासण्याचा भाग रोज दुपारी अडीचलाच थांबवायचा हे त्यांनीच ठरवलं.

अजून एक चूक झाली ती माझी. इपॉक्सीचे दोन्ही डबे एकत्र केले की ठरावीक वेळात संपवावे लागतात, नंतर ते डब्यातच घट्ट होतं. पहिल्या दिवशी मी नीट सांगितलं नाही आणि दादांनी अख्खा डबा एकदम मिसळला, उन्हात ठेवला, दुपारच्या जेवणानंतर डबा गरम आणि आतलं घट्ट, निम्मं वाया. नंतर तराजू आणून थोडं थोडंच मिसळलं.

रंगात दोन साध्या गोष्टी केल्या. कडा, वेल्डिंग, नटबोल्ट यांना आधी ब्रशने वेगळा हात, तो सुकल्यावर पूर्ण हात. आणि प्रायमरचे दोन हात वेगवेगळ्या रंगाचे, पहिला राखाडी, दुसरा विटकरी, म्हणजे कुठं राहिलं ते लांबून दिसतं. जिन्याच्या पायऱ्यांच्या खालून बघितलं तेव्हा राखाडी पट्टेच्या पट्टे दिसले, एकाच रंगाचे असते तर कळलंच नसतं.

निकाल

ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या पावसाळ्यानंतर जाऊन आलो. मांडवाला कुठंही फोड नाही. जिन्याला एक जागा, कठड्याचा एक नट नंतर कुणीतरी पान्याने आवळला होता, तिथं रंग खरवडला जाऊन गंज आला होता, नखाएवढा. तिथं घासून तीन हात लावले. खांबांच्या खालच्या भोकांतून पावसात पाणी ठिबकत होतं असं काकांनी सांगितलं, म्हणजे वरून पाणी अजून थोडं शिरतंय पण साठत नाही.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर जिना अजून चांगला आहे, पायऱ्यांच्या मधोमध पावलांनी चमक गेली एवढंच. खिडक्यांच्या जाळ्या मात्र पश्चिमेच्या बाजूला खाली, जिथं सळई सिमेंटच्या कठड्यात शिरते तिथं, परत फुगल्यात. चारपैकी दोन खिडक्या. ते मला अपेक्षित होतं आणि तरी वाईट वाटलं.

खर्चाचं म्हणाल तर आधीच्या तिन्ही वेळा मिळून जेवढे गेले त्यापेक्षा या एका वेळी जास्तच गेले, मित्राला मी हे आधीच सांगितलं होतं. पण आधी दर वर्षी जात होते.

आज परत करायचं झालं तर

सगळ्यात जास्त खंत आहे ती जुन्या रंगाच्या धुळीची. जाळ्यांवरचा रंग १९९४ चा. आपल्याकडं घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) आणायचा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं हे धरूनच चालायला हवं होतं. मला हे माहीत होतं. तरी पहिल्या दिवशी घाईत आम्ही जाळ्या कोरड्याच घासायला घेतल्या आणि खाली खळ्यात काकूंची सुपारी वाळत पसरलेली होती. काकूच धावत आल्या, "अरे, माझी सुपारी!" आम्ही थांबलो, त्या भागातली सुपारी टाकून द्यायला लावली, खाली ताडपत्री घातली, पेपर पाण्यात भिजवून ओलं घासलं, मास्क घातले. पण हे सगळं पहिल्या मिनिटापासून करायला हवं होतं, आणि पेंटरदादांना मास्क मी आधीच आणून द्यायला हवे होते, ते तीस वर्षं हीच धूळ खातायत.

दुसरं, जाळ्यांचा सिमेंटमधला भाग. आम्ही बाहेरून दिसेल तेवढंच घासलं. सळईभोवतीचं सिमेंट इंचभर फोडून, आतलं घासून, प्रायमर देऊन, सीलंट भरून परत बुजवायला हवं होतं, एक दिवस जास्त लागला असता. मी तेव्हा दिवस वाचवला.

तिसरं, जिन्याच्या पायऱ्यांची चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, उतार न देता एकदम सपाट बसवलेली आहे, नक्षीच्या मध्ये पाणी थांबतं. नवीन दोन पायऱ्या बसवतानाच पुढच्या बाजूला थोडा उतार द्यायला पाहिजे होता, फॅब्रिकेटरला नुसतं सांगायचा अवकाश होता, सुचलंच नाही.

आणि धुण्याचं मी काकांना उशिरा सांगितलं. खारा वारा थांबणार नाही, त्यामुळं मांडवाची आडोशाची बाजू वर्षातून तीन-चारदा नळाच्या पाण्याने धुवायची, पाऊस संपल्यावर एकदा नक्की. हे काम हातावेगळं झालं तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं ऑक्टोबरमध्ये.

आता काकांनी जिन्याखाली एक लाकडी खोका ठेवलाय, त्यात ८० नंबरचा पेपर, वायरब्रश, झिंक फॉस्फेटचा छोटा डबा आणि तो खडू. रविवारी सकाळी दंव उतरलं की ते हातोडी घेऊन खांबांना ठोकत फिरतात. वाडीच्या कडेला त्यांनी सुरूची रोपंही लावलीत, गेल्या वेळी बघितली तेव्हा माझ्या छातीपर्यंत आली होती. पेंटरदादांना गावात अजून दोन कामं रोजावर मिळाली, दोन्ही मांडवाचीच, आणि दोन्हीकडं ते पहिल्यांदा पाणी चाखून बघतात.